माझी माती करू नका

मी अनुबियस बोलतेय. नाव परदेशी वाटतं ना? ते कुणीतरी लांबच्या माणसाने ठेवलंय, मला विचारून नाही. कुळ सांगते म्हणजे ओळख पटेल. मी अळूच्या घराण्यातली. अळू माझा चुलतभाऊ. फरक एवढाच की तो चिखलात बसून सुखात असतो आणि मला माती अजिबात सोसत नाही. मी पाण्यातल्या दगडाला मिठी मारून जगते. खाजरी मात्र दोघेही आहोत, तो अंगाने आणि मी स्वभावानेसुद्धा.

फाको डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्यात माझा जन्म झाला. वर दाट झाडी, खाली काळा दगड, मधून धावतं पाणी. ऊन जेमतेम. वाढायची मला घाई नव्हती. महिन्याला एक पान काढलं तर काढलं, नाहीतर राहिलं. मला उपटणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं.

त्याचं नाव लियोंगा. लिंबे शहरात तो काचेच्या पेट्या जोडायचा, त्यात वाळू, दगड, मासे आणि माझ्यासारख्या गरीब जिवांना भरून हॉटेलवाल्यांना द्यायचा. पण माझी पेटी हॉटेलात गेली नाही. ती गेली एपोसीच्या घरी. एपोसीवर त्याचा जीव होता, तिचाही त्याच्यावर होता. अडचण होती ती तिच्या आईची.

मा नामोंदो! अख्ख्या वस्तीत तिच्यासारखं अळू कुणाला पिकत नसे. तिच्या अळकुड्या किसून पानात वाफवलेला क्वाकोको खायला माणसं दोन डोंगर उतरून यायची. लियोंगाने पेटी दिवाणखान्यात मांडली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय आणलंस?"

"भेट आहे, मा. तुमच्यासाठी."

"गवत?"

"पाण्यातली रोपं आहेत, मा."

"म्हणजे ओलं गवत." ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत का, आपला जावई गवत विकतो."

पा एकेमा आरामखुर्चीत होते. ते नेहमीच आरामखुर्चीत असत. "मासे छान आहेत," एवढंच ते म्हणाले.

मग मा नामोंदोने अट घातली. "हे बघ बाबा. ज्याच्या हातचं रोप जगत नाही त्याच्या हाती मी लेक देणार नाही. भुईमुगाच्या शेंगा निघेपर्यंत हे हिरवं राहिलं तर माणसं घेऊन दार ठोठावायला ये. नाही राहिलं तर तुझी पेटी घे आणि चालू लाग."

आमच्याकडे दार ठोठावणं म्हणजे मागणी घालणं. लियोंगाने मान डोलावली. एपोसीचा चेहरा पडला. आणि लग्न ठरण्या-मोडण्याचा सगळा भार माझ्या चार पानांवर आला. मला कुणी विचारलं? नाही.

लियोंगाने जाताना बजावलं, "हिला लाकडाला बांधलीय ती तशीच राहू द्या. खिडकीपासून लांब ठेवा. थोडं थोडं पाणी बदलत जा. खत नको, माशांची घाण पुरते तिला." शेवटचं वाक्य ऐकून सगळे हसले. मला हसू आलं नाही. असला खासगी तपशील चारचौघांत सांगायचा असतो का?

तरी दिवस बरे गेले. पा एकेमा टीव्ही सोडून आमच्यासमोर बसू लागले. ते माशांना शेंगदाणे टाकायचे, मासे ते तोंडात घेऊन थुंकायचे, आणि पा म्हणायचे, "चावून खातात बघ." एपोसी पाणी बदलायची, पानांवरचं शेवाळ बोटाने हळूच पुसायची. पुसताना दर वेळी माझी पानं मोजायची. चारची चारच. "वाढ ना गं," ती म्हणायची. एकदा तर काचेला कपाळ टेकून रडली. आता मी काय करू? आमच्यात घाईला स्थान नाही. मी जिवंत होते, पण जिवंत असणं कुणाला दिसत नाही, नवीन पान दिसतं.

ते रडणं मा नामोंदोने पाहिलं. वाचकहो, ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला हातही लावला नसता. दुसऱ्या सकाळी घरात कुणी नसताना ती पेटीपाशी आली आणि चुकचुकली. "अगं बाई, लटकवून ठेवलंय बिचारीला! कंद उघडा, पाय अधांतरी. वाढणार कशी?"

तिने दोरा तोडला. पेटीच्या कोपऱ्यात शेतातली काळी माती ओतली, त्यात मला अळकुडीसारखी गळ्यापर्यंत पुरली, वर छान उंचवटा केला. मग चुलीतली राख. मग, सांगतानाही अंगावर काटा येतो, कोंबडीचं खत. आणि पेटी सरकवून खिडकीतल्या उन्हात ठेवली. "आता बघ कशी फोफावतेस," ती मायेने म्हणाली. तिच्या शेतात असल्या मायेने सगळं फोफावत असे.

घरात तिने सांगून टाकलं, आता पेटीला कुणी हात लावायचा नाही. पाणी आधी गढूळ झालं, मग हिरवं. मासे वर येऊन तोंड वासू लागले. माझा कंद मातीखाली गुदमरला, मऊ पडला, कुजायला लागला. दोन पानं देठापासून सुटून तरंगली. मी मरत होते, आणि माझ्याबरोबर एका पोरीचं लग्न.

लियोंगा रविवारी आला तेव्हा मा दारातच होती. आवाज चढा होता, पण डोळे खाली. "मेलं तुझं गवत."

तो पेटीपाशी आला. माती पाहिली, उंचवटा पाहिला. वास घेतला. कुणी काय केलं ते त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मा नामोंदोला कळलं. एपोसी श्वास रोखून उभी. खरं बोलला तर सासूचा अपमान. गप्प बसला तर नालायक ठरून घरी.

"दोष या रोपाचाच आहे, मा," तो म्हणाला. "जातच कृतघ्न. एवढी चांगली माती मिळाली, पण किंमत नाही."

मी! दोष माझा! तोंड असतं तर मी तिथल्या तिथे त्याची बिनपाण्याने केली असती.

तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला. "हो ना. आणि कोंबडीचं खतही तीच जाऊन घेऊन आली असेल. पायी."

मग एपोसीला हसू फुटलं, आणि मा नामोंदोने नवऱ्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत आणखी खोल गेले.

"मीच पुरलं," मा म्हणाली. "दे तो चाकू इकडे. कुजका कंद कापायला मला कुणी शिकवायला नको."

खरंच नको होतं. नासकं काढत काढत ती हिरव्या, टणक भागापर्यंत आली आणि थांबली. माझे दोन तुकडे उरले, एकेका पानाचे. लियोंगाने पिंपातल्या पावसाच्या पाण्याने पेटी धुतली, मासे वाचवले. मा नामोंदोने आपल्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा ओढून काढला.

"किती घट्ट बांधू?"

"हलू नये इतपत, मा. कापू नये इतपत. मुळांनी धरलं की दोरा काढून टाकायचा."

"आणि माती?"

"माती नको, मा."

"बरं." हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून क्वचितच निघत असे.

शेंगा निघाल्या तेव्हा मला तीन पानं होती आणि, स्वतःच्या तोंडाने सांगते, एक फूल. पांढरं, पाण्याखाली उमललेलं. त्याच आठवड्यात लियोंगाची माणसं ताडी घेऊन दारात आली. त्याचे काका पा वोलोको यांनी घसा खाकरून रीतीप्रमाणे म्हटलं, "या घरात आम्हाला एक फूल दिसलंय. ते मागायला आलोय."

"ते ना?" मा नामोंदोने पेटीकडे बोट केलं. "न्या की. कोंबडीचं खत तेवढं घालू नका."

सगळे पोट धरून हसले. मी मात्र गारठले. ही बाई खरंच देऊन टाकेल, काय नेम! मग पा एकेमांनी एपोसीला विचारलं, ताडी घेऊ का, म्हणजे मागणी मान्य का? ती हो म्हणाली. वडिलांनी पेला तोंडाला लावला. मा लियोंगाजवळ गेली आणि हळू म्हणाली, "बांधायचं कसं ते तूच मला शिकवलंस. विसरू नकोस म्हणजे झालं."

एपोसी सासरी गेली. माझा धाकटा तुकडा तिच्याबरोबर बाटलीतून गेला. मोठी मी इथेच आहे, पा एकेमांचे शेंगदाणे चुकवत. दोरा केव्हाच निघाला, लाकूड मीच धरून आहे. आल्यागेल्याला मा बजावते, "हिला पुरायचं नसतं," जणू हे तिला जन्मापासून ठाऊक होतं.

तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर तिला सावली द्या, ताजं पाणी द्या, गळा मोकळा ठेवा, आणि रोज पानं मोजू नका. मायेने तर मुळीच काही करू नका.

सकाळी घर रिकामं असलं की मा काचेला बोट टेकवते. "तिकडे नवीन पान आलं असेल का गं?" विचारते. ती कुणाबद्दल विचारते ते मला कळतं. मलाही माझ्या अर्ध्या अंगाची आठवण येते.

आलं असेल, मा. कुणी माती घातली नसेल, तर नक्की आलं असेल.