ग्राइंडरची रिंग

पिशवीच्या दोरीची गाठ तिने बघताक्षणीच ओळखली. प्रयोगशाळेत येणाऱ्या पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण शेवटचं टोक उलटं फिरवून आत खोचायची ही गाठ तिच्या वडिलांची, आणि तिच्याखेरीज ती आता एकालाच येत होती, धाकट्या भावाला. धाग्यासाठी भांग लावली होती पठ्ठ्याने. पाल्यात नशेचा अंश कायद्याच्या मर्यादेच्या वर निघाला की उभं पीक जाळायचं, विषय संपला.

तिने पाला वाळवला, दळला, अर्क काढून यंत्रात घातला. आलेखाचा सुळका मर्यादेच्या जरासाच वर गेला.

मग कसली चैन पडतेय! खुर्चीत बसवेना. वजनकाटा तपासून झाला, ओव्हन तपासून झाला, खिडकी ते दार येरझारा झाल्या. शेवटी तिने ग्राइंडर खोलला. भांडं नेहमीसारखं स्पिरिटने पुसलेलं होतं. पण झाकणातली रबरी रिंग? मेली इतकी घट्ट बसते की ती काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तिने नखाने उचकटली. खाली चिकट, तपकिरी राळ! मागे औषधी जातीच्या भांगेची जहाल फुलं दळली होती, त्यांचा चीक पुढच्या नमुन्यांत उतरत होता.

तिने साहेबांना सगळं सांगितलं, गाठीसकट. साहेबांनी रिंग धुऊन त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला पाला स्वतः दळला. सुळका मर्यादेच्या खाली! ती चक्क रडली.

"त्या फुलांनंतर दुसरं काही दळलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

तिचं रडू थांबलं. दळलं होतं. धाग्याच्या भांगेचाच दुसऱ्या कुणाचा तरी नमुना, असाच जरासा वर गेलेला. तिने सही ठोकली होती आणि डबा खायला गेली होती.

"अगं, ते पीक केव्हाच जाळलं. आता कशाला?" साहेब म्हणाले, पण तोवर तिने त्या नमुन्याची राखून ठेवलेली पिशवी आणलीही होती. तोही पाला मर्यादेच्या खालीच निघाला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, वाचलो गं! निकाल आला!"

"हो रे बाबा," ती म्हणाली. दुसऱ्या हातात त्या जाळलेल्या पिकाच्या पिशवीची दोरी होती. साधीच गाठ होती, कोणीही मारतं तशी.