दुसरा गिअर सटकतो म्हणे!

मी गिअरबॉक्स बोलतोय. होय, तोच, ज्याला भंगारात घालायचं ठरलं होतं. दोन वर्षं माझ्यावर आळ घेतलात ना? मग आता घटकाभर माझंही ऐका.

माझा जन्म जपानी शोवा एक्केचाळीस सालचा, तुमच्या हिशेबाने १९६६ चा. म्हणजे आज मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मलईच्या रंगाची, चार दारांची एक लहानशी गाडी आहे, तिच्या पोटाखाली मी असतो. कारखान्यात एका माणसाने माझे दाते बोटाने चाचपले आणि म्हणाला, "चल." एवढंच माझं बारसं.

गाडी पहिल्यांदा घेतली ती किनुसान नावाच्या सुईणीने; 'सान' म्हणजे आपलं बाई-राव. सुवा तळ्याकाठच्या गावात ती राहायची आणि खिंडीपलीकडच्या सात वाड्यांतली बाळंतपणं करायची. बाई मोठी खमकी. बर्फात उतारावर ती ब्रेकला पायच लावत नसे. दांडा मागे ओढून मला दुसऱ्यात टाकायची आणि म्हणायची, "ब्रेक घसरवतो बाबा. तू मात्र धरतोस." अठ्ठावीस हिवाळे मी ती गाडी धरून ठेवली. एकदाही हात सोडला नाही. मला हात नाहीत हे ठाऊक आहे, पण माझ्या म्हणण्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल.

किनुसान गेली आणि गाडी सफरचंदाच्या खोक्यांमागे कोठारात पडून राहिली. एकोणीस वर्षं. उंदरांनी सीटमध्ये घरं केली. माझ्यातलं ऑइल काकवीसारखं झालं. माणसं नव्या गाड्या घेऊन समोरून जायची, मी ऐकायचो आणि गप्प बसायचो.

मग ओगुचीसान आले. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या, कारखान्यात काम करणारा, पोट सुटलेला, भिडस्त माणूस. त्यांच्या जन्माच्या दिवशी कमरेएवढा बर्फ होता आणि किनुसान याच गाडीतून, दुसऱ्या गिअरवर, खिंड उतरून वेळेवर पोचली होती. ही गोष्ट त्यांची आई दर वाढदिवसाला सांगायची. कोठार पाडणार असल्याचं कळताच त्यांनी गाडी ओढत मोरोझुमी उस्तादांच्या गॅरेजात आणली.

उस्तादांनी तीन वर्षं खपून गाडी उभी केली. त्यांची एक पद्धत होती. बोल्ट नीट आवळला की त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. गॅरेजचा नियमही होता: ज्याची रेघ, त्याला विचारल्याशिवाय मोडायची नाही. माझं शेपूट ज्या रबरावर टेकलेलं असतं, त्याच्या चारही बोल्टवर उस्तादांची रेघ होती. सरळ, देखणी. रेघ ओढल्यावर तिसऱ्या वर्षी उस्ताद वारले.

त्यानंतर तीन वर्षांनी ते घडलं. ओगुचीसान खिंड उतरत होते आणि वळणावर मी दुसऱ्या गिअरमधून सटकलो. दांडा आपोआप मधे आला, गाडी मोकळी सुटली. त्यांनी ब्रेकवर उभं राहून ती कठड्याच्या दगडाशी कशीबशी थांबवली. शेजारी त्यांची म्हातारी आई बसली होती. ती म्हणाली, "किनुसानच्या वेळी असं होत नव्हतं हो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याहून जास्त राग आला. कारण मला ठाऊक होतं, दोष माझा नव्हता!

गॅरेज आता उशियामा चालवतो. उस्तादांचा चेला, पन्नाशीचा, कामाला चोख. त्याने माझं ऑइल काढलं, उजेडात धरलं. झिजेची थोडी पितळी चमक दिसली. या वयात तेवढी कोणाच्याही अंगातून निघेल! त्याने क्लच ताणून पाहिला, ऑइल बदललं, आणि शेवटी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात माझं शेपूट पाहिलं.

"उस्तादांची रेघ जागेवर आहे," तो म्हणाला. "इथं बघायला नको."

झालं! दोन वर्षांत तो चार वेळा खाली वाकला आणि चारही वेळा रेघेला मान तुकवून निघून गेला. तोवर ओगुचीसान एका हाताने दांडा दाबून धरून गाडी चालवत होते. मग घरच्यांनी सांगितलं, आईला या गाडीत बसवायचं नाही.

शेवटी उशियामा म्हणाला, "ओगुचीसान, याचे आतले दाते गेले. सुटे भाग मिळत नाहीत. मी दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा डबा बघून ठेवलाय. बसवू या. हा जाऊ दे भंगारात."

मला उघडून न बघता! माझ्या दातांवर एक ओरखडा दाखव म्हणावं!

ओगुचीसाननी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "ज्याच्यामुळे मी जन्मलो त्यालाच फेकायचं म्हणजे... असो. आई म्हणते, एकदा मला या गाडीतून खिंडीपलीकडे जाऊन येऊ दे. चौऱ्याऐंशीची आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मला काढायला घेतलं. ओगुचीसान माझा निरोप घ्यायला आले होते. पाच गिअरचा तो पाहुणा कोपऱ्यात चकचकीत होऊन बसला होता. उशियामाने दांडा आणि क्लच तेवढे ठेवून एकेक जोड सोडवत शेवटी माझ्या शेपटाच्या बोल्टला पाना लावला आणि तिथंच थांबला. उस्तादांची रेघ मोडायची होती, आणि विचारायचं कोणाला?

इतक्यात दहाच्या चहाची वेळ झाली. उस्तादांची बायको, तोमिए, नोझावानाच्या पाल्याचं लोणचं आणि चहाची किटली घेऊन आली. तिला सगळे ओकामिसान, म्हणजे मालकीणबाई, म्हणतात. चाळीस वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने फोन उचलले आणि गाड्या ऐकल्या.

"काय रे, गाडीखाली झोपलास की काय?" तिने विचारलं.

"नाही हो, ओकामिसान. उस्तादांची रेघ आहे. मोडू का म्हणून..."

"मग त्यांनाच विचार की. घरात फोटोपुढे घंटी वाजव. दोन संत्री ने बरोबर, नाहीतर उत्तर द्यायचे नाहीत."

ओगुचीसान हसले. उशियामा मात्र खरोखरच हात पुसायला लागला. त्याला निघालेला पाहून ती म्हणाली, "थांब, थांब. हा डबा काढायच्या आधी मला एकदा गाडीत बसू दे. किनुसानने मला कधी चालवायला दिली नाही, मेलीने."

ती बसली. क्लच दाबून तिने दांडा पुढे ढकलला, पहिला. मागे ओढला, दुसरा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. मग तिचा चेहरा बदलला.

"उशियामा, हे काय वाजतंय? दुसरा टाकला की आधी 'टुक' असं मऊ वाजायचं. हे 'टक्' वाजतंय. पत्र्यावर आपटल्यासारखं."

"जुना आहे हो तो."

"जुनी मीही आहे. माझे कान गेलेले नाहीत. अजून कुठला गिअर सटकतो?"

"चौथा. कधीमधी," ओगुचीसान म्हणाले.

"आणि पहिला? तिसरा?"

दोघांनीही नकारार्थी मान हलवली. पहिला आणि तिसरा पुढे ढकलायचे. दुसरा आणि चौथा मागे ओढायचे. सटकत होते ते फक्त मागे ओढायचे!

उशियामाने दांड्याभोवतीची रबरी टोपी उचलली. खाली पत्र्याला भोक असतं, त्यातून दांडा माझ्यापर्यंत येतो. भोकाची मागची कड घासून घासून नाण्यासारखी चमकत होती. माझं शेपूट बोटभर खाली बसलं होतं, त्यामुळे दांडा मागे कलला होता आणि गिअर पूर्ण पडायच्या आधीच कडेला अडत होता. मला अर्धवट गिअर द्यायचा आणि मी तो सोडला की बोंब मारायची!

त्याने जॅक लावला, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि मला बोटभर उचललं. ओकामिसानने दांडा ओढला.

टुक.

 मग ती गाडीतून उतरली, गुडघे धरत खाली वाकली आणि त्या रबराकडे बघत राहिली. ते चेपून भाकरीसारखं झालं होतं.

"हे तुमच्या मिसोच्या कारखान्यातल्या पट्ट्याचं रबर आहे, ओगुचीसान. असली रबरं मिळत नव्हती, म्हणून यांनी कापून घातलं. 'तात्पुरतं आहे, दोन वर्षांत बदलेन' असं जेवताना म्हणाले होते. मग आजारीच पडले." तिने ते रबर बोटाने दाबून पाहिलं. "रेघ बोल्टची आहे रे. बोल्ट नाहीच हलले. रबराबद्दल त्या रेघेने काही सांगितलं नव्हतं. चूक यांची आणि यांना देव करून बसलास ती तुझी. मोड ती रेघ. मी सांगते."

उशियामा गाडीखाली गेला. खाली पडल्या पडल्या त्याने मला मान तुकवून माफी मागितली, आणि मान उचलताना कपाळ सायलेन्सरवर आपटून घेतलं. मी माफ केलं. पण लगेच नाही.

रेघ मोडण्याआधी त्याने तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. उस्तादांचा मला राग नाही. त्यांनी मला कोठारातून उठवलं. पण माणूस गेला म्हणून त्याचं रबर चेपायचं थांबत नाही.

नवं रबर बसलं. उशियामाने स्वतःची रेघ ओढली आणि ओकामिसानच्या हुकमावरून शेजारी तारीख आणि 'रबर, दोन वर्षांनी पाहणे' असं लिहिलं. पाच गिअरचा पाहुणा अजून कोपऱ्यात आहे. बस बाबा, आरामात बस. तुला बराच वेळ बसावं लागणार आहे.

गेल्या रविवारी आम्ही खिंड ओलांडली. शेजारी आई, तिच्या मांडीवर सारण भरून भाजलेल्या ओयाकींचा डबा. उतार आला. ओगुचीसाननी दांडा मागे ओढला आणि सवयीने त्यावर हात दाबून धरला.

"हात काढ," आई म्हणाली.

"आई, अगं..."

"किनुसान नव्हती धरत. काढ."

त्यांनी हात काढला. ते वळण आलं, तो कठडा आला. गाडीचा सगळा भार माझ्या दातांवर आला आणि मी धरून ठेवला. खालच्या वाडीपर्यंत घुरघुरत धरून ठेवला. म्हातारीने डबा उघडला, लेकाच्या त्या रिकाम्या हातावर एक ओयाकी ठेवली आणि म्हणाली, "तू आलास ना, तेव्हा अगदी असाच आवाज येत होता."

तर माणसांनो, मी लोखंडाचा आहे, कधीतरी मोडेन. त्या दिवशी मला खुशाल भंगारात घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण मोडेन तो माझ्या दोषाने मोडेन. दुसऱ्याच्या चेपलेल्या रबरापायी मी जाणार नाही.