काकासाहेबांच्या बोटाची घुटी

झुंबरबाईंच्या घरात एक गोष्ट पक्की होती. लेकराचे नाक-डोळे आई-बापाकडून येतात, पण स्वभाव येतो तो पहिली घुटी देणाऱ्याच्या बोटातून. जन्मल्यावर गुळाच्या पाण्यात बुडवून ज्याचं बोट तोंडात जाईल, त्याच्यासारखं लेकरू निघणार. पुरावे शोधायला लांब जायची गरज नव्हती. थोरल्या बद्रीनाथला घुटी दिली होती त्याच्या आत्यानं, आणि ती बाई चालता चालता झोपायची. बद्रीनाथ आता भोकरदनच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि प्रयोग सुरू झाला की पोरांच्या आधी त्यालाच जांभई यायची. लेक चंद्रकला, तिला घुटी दिली अशा एका मावशीनं, जी हळदीला म्हणून आली ती पेरण्या झाल्यावर गेली. चंद्रकलाही कुणाकडे बसायला गेली की दिवेलागणीशिवाय उठत नसे. "आता यात माझं काय?" असं झुंबरबाई म्हणत आणि दोन्ही लेकरांच्या बाबतीत मोकळ्या होत.

म्हणून सून, बद्रीनाथची बायको बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धावड्याला निघाली, तेव्हा पिशवीत डिंक-खोबरं भरता भरता झुंबरबाईंनी बजावलं की घुटी काकासाहेबच देतील. ते येईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही.

काकासाहेब म्हणजे बेबीनंदाचे चुलतसासरे. या माणसाचा चढलेला आवाज बाजारात कुणी ऐकला नव्हता. शेजाऱ्यानं त्यांचा बांध कोरून नांगराची दोन तासं आत ढकलला, तर हे म्हणाले की पाण्यानं सरकला असंल. विंचू चावला तेव्हा, लोक सांगत, त्यांनी आधी विंचवाला वाट करून दिली. असा स्वभाव कुणाला नको? भोकरदनमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत कुणाकडे बाळंतपण झालं की काकासाहेबांना बोलावणं यायचं. ते धुतलेलं धोतर नेसून, नख बारीक कापून जायचे. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. पण रस्त्यानं जाताना एखादं शाळकरी पोर दिसलं की हळूच म्हणायचे, हे आपल्या बोटाचं.

बेबीनंदा दिवसांच्या थोडी आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. भोकरदनला निरोप गेला, पण काकासाहेब ज्या एस्टीत बसले तिचं टायर वाटेत बसलं. इकडे नर्सबाई सांगून गेल्या की नुसतं आईचं दूध पाजा, दुसरं काही तोंडात घालू नका. बेबीनंदाच्या आईनं, सोनूबाईंनी, "हो हो" म्हणत त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन गुळाच्या पाण्याच्या वाटीवर ताटली झाकून त्या दाराकडे बघत बसल्या. आधी घुटी, मग दूध. बाळ रडून रडून लाल झालं. बेबीनंदानं दोनदा पदर सरकवला, दोन्ही वेळा सोनूबाईंनी तो सारखा केला. काकासाहेबांच्या आधी काही गेलं आणि स्वभाव बिघडला, तर विहीणबाई जन्मभर नावं ठेवतील, ही त्यांना धास्ती.

तेवढ्यात कडूबा आले.

कडूबा म्हणजे बेबीनंदाच्या वडिलांचे चुलतभाऊ. धावड्यात नळ आला तेव्हा ते म्हणाले, आपल्याला विहीर बरी. मग पंचायतीनं विहिरीवरच नळ बसवला, तर म्हणाले, विहीर बाटवली. कुणी राम राम घातला तर आधी कशाबद्दल म्हणून विचारायचे. हे एवढं कोण केकाटून राह्यलंय बघायला ते आले होते. एक तान्हं लेकरू एस्टीची वाट पाहून राहिलंय हे कळल्यावर त्यांनी ताटली उचलली, विळ्यानं खरबरीत झालेलं बोट वाटीत बुडवलं आणि सरळ बाळाच्या तोंडात घातलं.

"लेकराची भूक काय टायमावर चालती का?" ते म्हणाले.

बाळ गप्प झालं. बेबीनंदाला नंतर एवढंच आठवायचं, की त्या जाडजूड बोटाला तिच्या लेकीनं मूठ घातली होती आणि सोडायला तयार नव्हती. आणि इतका वेळ कपाळाला आठ्या घालून उभा असलेला तो माणूस वाकलेला तसाच राहिला होता.

सोनूबाई मात्र मटकन खाली बसल्या. मग उठून त्यांनी ठरवलं की कुणी काही पाहिलं नाही. कडूबांना तसं सांगितलं, तर लपवालपवीला त्यांचा विरोध होता. शेवटी सोनूबाई म्हणाल्या, भावजी, बसा, जाऊ नका. तेव्हा ते उठून शेतात गेले.

काकासाहेब पुढच्या गाडीनं आले. हातपाय धुतले, डोळे मिटले, बोट बुडवून बाळाच्या तोंडाशी नेलं. बाळानं ते घेतलं, विचार केल्यासारखं केलं आणि सगळं त्यांच्या सदऱ्यावर उडवलं.

"पोट भरलेलं दिसतंय," काकासाहेब म्हणाले.

मुलीचं नाव ठेवलं मयूरी. ती भोकरदनला आली आणि घराला कळलं की हे प्रकरण सोपं नाही. टोपी घातली की फेकायची. वाटीनं दूध पाजलं की वाटी उलटी. मांडीवर घ्यावं तर काठीसारखी ताठ व्हायची. पहिला शब्द बोलली तो 'आई' नव्हता, 'न्हाई' होता. झुंबरबाईंना कळेना. काकासाहेबांची घुटी आणि हा अवतार?

मग जो तो आपापलं सांगू लागला. वैद्य नाडी बघून म्हणाले, पित्तप्रकृती आहे, मोरावळा द्या. बद्रीनाथ म्हणाला, हा निसर्ग आहे; वासरू लाथा झाडतं तशी ही झाडते, आणि जांभई दिली. शेजारच्या कापडदुकानातल्या प्रेमबाई, मारवाडी असून तीन पिढ्या इथल्याच, गळ्यातली मयूनं तोडलेली माळ वेचत म्हणाल्या, "कुदरत आहे बाई, तिच्यासमोर कोणाचं चालतं?" आणि झुंबरबाईंचं सगळ्यांवर एकच, की स्वभाव आहे स्वभाव, पण आला कुठून? बेबीनंदा सगळं ऐकायची आणि मयूच्या झबल्याचे बंद बांधायची. पोरगी टोपी काढून फेकते एवढीच तर गोष्ट, आणि तिच्यासाठी इतके शब्द. दुपारी मयू झोपली की ती शेजारी आडवी होऊन तिच्या तोंडाकडे बघत राहायची. कपाळात कुठं कडूबा दिसतात का ते शोधायची. फिस्कटलेलं काजळ तेवढं दिसायचं. मग ते पुसायलाही नको वाटायचं, न जाणो उठली तर.

पण ही गोष्ट घरात राहिली नाही. मयू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'न्हाई' म्हणायची, आणि लोक पुढं जाऊन म्हणायचे, काकासाहेबांच्या बोटातला गुण गेला. बोलावणी कमी झाली, मग बंद झाली. एकदा गल्लीतल्याच घरी बाळंतपण झालं. काकासाहेबांनी सकाळीच नख कापलं, धुतलेलं धोतर नेसले आणि ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या समोरून त्या घरच्यांनी दुसऱ्याच कुणाला नेलं. बेबीनंदा मयूला घेऊन दारात उभी होती.

"बेबीनंदा," त्यांनी बोट उन्हात धरून विचारलं, "माझ्या हातून काही चुकलं का गं?"

तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे माहेरचे खोटे ठरणार. तेही एक वेळ तिनं सोसलं असतं. पण मग मयू जन्मभर कडूबाची. भूक लागून रडली तरी कडूबाची, खरचटलं म्हणून रडली तरी कडूबाची. पुन्हा कुणी तिला काय झालं म्हणून विचारणार नाही. बेबीनंदा म्हणाली, न्हाई मामंजी, तुमच्या हातून काय चुकंल. आणि आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्याच वर्षी चंद्रकला बाळंतपणाला आली. मुलगा झाला. सगळे बाळंतिणीच्या खोलीत जमले. झुंबरबाईंनी वाटी तयार केली, आणि या खेपेला बोलावलं प्रेमबाईंच्या नवऱ्याला, रामनिवास शेठना. माणूस हिशेबी, गोड बोलणारा, दुकान जोरात. शेठ बोट धुऊन, ते कुठं लागू नये म्हणून वर धरून उभे राहिले. काकासाहेबही आले होते. नवं धोतर होतं. झुंबरबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसा जरा. दमला असाल."

काकासाहेब बसले. आपलं बोट त्यांनी मुठीत झाकून घेतलं. ते बेबीनंदाला बघवलं नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मयूला पयली घुटी मामंजींनी न्हाई दिली. गाडी यायच्या आधी आमच्या कडूबा तात्यांनी दिल्ती. मामंजींची नंतरची."

खोलीत शेठच्या बोटावरून पाणी गळत होतं तेवढंच. झुंबरबाईंनी धावड्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि ते बरंच होतं. बेबीनंदानं खाली मान घालून ऐकलं. पण बोलता बोलताच झुंबरबाईंचा चेहरा उजळत गेला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "म्हणजे भाऊजींच्या हातात खोट न्हाईच. घ्या भाऊजी, वाटी घ्या. शेठ, माफ करा. ही पोरगी कडूबाची निघाली, आता तिचं काय करता, ती गेलीच. या लेकराला तरी चांगला स्वभाव द्या."

सगळ्यांना वाटलं, काकासाहेब आता हसतील आणि बोट पुढं करतील.

"न्हाई," काकासाहेब म्हणाले.

झुंबरबाईंना वाटलं मयूच बोलली. त्यांनी खाली बघितलं.

"न्हाई देत," काकासाहेब उठून उभे राहिले, आणि त्यांचा आवाज कापत कापत चढत गेला. "घरात खेळून राह्यलेल्या लेकराला गेली म्हणता? इतके दिस मला बाजूला बसवलं, तवा कुणी एका शब्दानं इचारलं का? अन् आता बोट पायजे. काकासाहेबाला राग येत न्हाई, हे ठरवलं कुणी? मला न्हाई कुणी इचारलं. तुमच्या घरचं आळणी वरण इतकी वर्षं खाल्लं वहिनी, एकदा तरी मीठ मागितलं का? मंग तो राग मी ठिवायचा कुठं?"

वरणापर्यंत गोष्ट जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बद्रीनाथ चांगला टक्क जागा होता. काकासाहेबांना मात्र पुढं काय करायचं ते कळेना, कारण रागवायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढली, परत घातली. बसावं तर राग गेला असं दिसेल, जावं तर दारात शेठ उभे. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

झुंबरबाईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग मयूकडे बघितलं. पुन्हा पाठीकडे.

"असं आहे का," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग कडूबाची घुटी लागलीच न्हाई. पोरगी भाऊजींवरच गेली. यांच्या पोटात होतं तेच बोटातून उतरलं."

"पण पहिली तर—" बेबीनंदानं तोंड उघडलं.

"तू गप बस. तुला काय कळतं?" झुंबरबाईंचा शब्द आता अखेरचा होता. "बराबर भाऊजींची आहे. उभी राह्यलेली बघ ना, तशीच."

मयू खरंच भिंतीपाशी, काकासाहेबांच्या शेजारी ताठ उभी होती. तिचं तोंड, दोन्ही हात आणि झबल्याचा पुढचा भाग गुळानं माखला होता. वाटी तिच्या पायाशी पालथी पडली होती. चंद्रकलाचं बाळ रडायला लागलं, तेव्हा घुटी शिल्लकच नव्हती, म्हणून चंद्रकलानं त्याला सरळ पदराखाली घेतलं. शेठनी बोट हळूच रुमालाला पुसलं.

काकासाहेबांनी मयूला उचललं. तिनं अंग ताठ केलं, त्यांनी तशीच ताठ धरली आणि दोघं ओट्यावर जाऊन बसले. बेबीनंदा ओला फडका घेऊन मागोमाग गेली. रस्त्यानं चाललेल्या कुणीतरी थांबून विचारलं, कुणाची म्हणायची ही एवढ्या आठ्यांची?

"माझ्यावर गेलीय," काकासाहेब म्हणाले. "रागीट आहे."

बेबीनंदा फडका हातात धरून दारातच थांबली. मयू त्यांच्या नव्या धोतराला हात पुसत होती.