सरोजिनीचं पथ्य

जवसाच्या बरणीचं झाकण हलत नव्हतं – म्हणजे झाकण नेहमीचंच होतं, हलत नव्हती ती सरोजिनीची बोटं, उजव्या हाताची मधली दोन, पेरांशी फुगून लाल झालेली. सकाळचे नऊ वाजून गेले तरी मूठ वळत नव्हती. जवस रोज दोन चमचे, असं वसईच्या रेजिना डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं. बरणी कोण उघडून देणार, ते लिहिलं नव्हतं.

कागद फ्रिजवर होता. नवऱ्याने, दिनानाथनेच तो चारी बाजूंनी सेलोटेप मारून चिकटवला होता, ऑफिसातलं परिपत्रक लावावं तसा. तळलेलं, मैदा, साखर बंद. पालेभाजी, कडधान्यं, बांगडा. दुपारचं जेवण एक वाजता. रोज अर्धा तास चालणं. आठ तास झोप. मनाला ताण नको... आठ तास! आचोळ्यात पाणी पहाटे चारला येतं आणि पाचला जातं, हे बाईंना कोणी सांगायचं? पण बाईंवर तिचा राग नव्हता. त्यांनी तिचं एकेक बोट हातात धरून पाहिलं होतं. "गोळ्या चुकवू नका, पण सगळं गोळ्यांवर टाकूनही चालणार नाही. सूज आतली आहे, सरोजिनीबाई. अशीच राहिली तर बोटं वाकडी होतील, आणि मग ती सरळ करणं माझ्या हातात नाही."

"अगं, वड्यांचं पीठ भिजवलंस का?" बाहेरून दिनानाथ. "जगन्नाथ साडेबाराला पोचतोय."

जगन्नाथ त्याच्या ऑफिसातला, जूचंद्रला नवा फ्लॅट घेतलेला. त्याला कोंबडी-वडे कबूल झाले ते मंगळवारी, फोनवर – त्या कागदाला पाठ टेकून.

ती पीठ मळू लागली. अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली... अंगठा! आठ वर्षांपूर्वी युरिक ॲसिड वाढून ह्यांच्या पायाचा अंगठा सुजला होता – एक, फक्त एक – आणि या घरातून तूरडाळ हद्दपार झाली. मटण गेलं, कोलंबी गेली. सिद्धेश तेव्हा दहावीला. आमटीसाठी रडकुंडीला यायचा पोर, आणि मी मुगाचं वरण वाढत त्याला म्हणायचे, बाबांच्या समोर बसून खाववेल का रे तुला? दोन वर्षं एका अंगठ्याचं पथ्य तीन माणसांनी पाळलं. आणि आता माझी दहा बोटं, तर काय – "तू तुझं वेगळं काढून घेत जा." किती सहज! मोठे उदार झाले!

एक वाजायला आला तेव्हा तेल तापलं होतं, सात वडे थापून झाले होते. आठव्याला बोटं अडली. बाहेर टेबलापाशी दिनानाथ रंगात आला होता.

"मी हिला रोज सांगतो, चाल, फिर, तेल सोड. पण बायकांना स्वतःकडे बघायलाच नको!"

"वहिनी, जपा हो तब्येतीला," जगन्नाथ भावोजी कळवळून म्हणाले, आणि त्यांची नजर वड्यांसाठी स्वयंपाकघराकडे वळली.

सरोजिनीने गॅस बंद केला. मुगाची उसळ, काकडी, भाकरी – आपलं ताट वाढून घेतलं आणि बाहेर येऊन तिसऱ्या खुर्चीवर बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. पुरुषांच्या आधी ती कधी जेवली नव्हती.

"अगं... वडे?"

"पीठ ओट्यावर आहे. तेल तापलंय."

भावोजींनी पाण्याचा ग्लास उचलला. आता दिनानाथला काय काय सुनावायचं ते सगळं तिच्या ओठांवर आलं – आणि तिथेच थबकलं. तूरडाळ बंद कर असं तेव्हा तिला कोणी सांगितलं होतं? ह्यांनी? कधीच नाही. डॉक्टरांनी पथ्य एकट्या ह्यांना दिलं होतं. डाळीचा डबा तिनेच, कोणी न सांगता, शेजारच्या लतिकाच्या घरी रिकामा केला होता. आणि फ्रिजवर कागद लागल्यापासून तीन महिने ती वाट बघत बसली होती, तिच्यासाठी या घरात कोणीतरी असाच एखादा डबा रिकामा करील म्हणून. हे त्याला सुचलंच नव्हतं. दुष्टपणाने नव्हे... सुचलंच नव्हतं, आणि हे जास्त वाईट होतं.

संताप उतरला नाही. पण वाट बघणं संपलं होतं, आणि त्या जागी काय आलंय ते तिला ओळखता येईना. तिला कडकडून भूक लागली होती. दिनानाथ अजून उठला नव्हता. तिने दुखऱ्या बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला काय हवं-नको ते न बघता, सावकाश चावू लागली.