बोललेलं दुखणं

“लेकराचं दुखणं चारचौघांत बोलू नये गं. बोललेलं दुखणं घराची वाट शिकतं.” पाळण्याची दोरी ओढता ओढता वीणाताईंची आई म्हणायची. त्यांनी ते ऐकलं, पाळलं आणि लेकाचं एक दुखणं छत्तीस वर्षं पदराआड धरलं.

आज जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमच्या घराच्या बाल्कनीत जूनचं ऊन रेंगाळलं होतं, आणि सून वैभवी फोन कानाला लावून जर्मनमधून “जा, जा, गेनाऊ” करत येरझारा घालत होती. हृषिकेश, त्यांचा लेक, पार दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रात तिथला हिवाळाभर अडकलेला. तिथं सूर्यच उगवत नव्हता.

“काय म्हणतात गं?”

“अपेंडिक्स फुटलंय, आई. तो तापात बरळतोय. तासाभरात ऑपरेशन.”

“विमानानं आणा की इकडे!”

“नोव्हेंबरपर्यंत तिथं विमान नाही. नऊ माणसं, त्यांत एकच डॉक्टर.”

“मग भूल कोण देणार?”

“स्वयंपाकी. निघायच्या आधी हॉस्पिटलात शिकवलंय त्याला. इथले डॉक्टर स्क्रीनवरून बघतील.”

“ज्याच्या भाताचा गोळा होतो म्हणून हृषी हसायचा, तो?”

वैभवीला हसूही आलं नि रडूही. “तोच. आई, इथले डॉक्टर विचारतायत, हृषीला आधी कधी भूल दिली होती का? फॉर्मवर त्यानं ‘नाही’ लिहिलंय. मीही नाहीच म्हणाले.”

वीणाताईंना सगळं आठवलं. चार वर्षांचा हृषी. हर्नियाचं साधं ऑपरेशन. भुलीनं अंग लाकडासारखं ताठलं, ताप चढतच गेला, दोन दिवस पोर मशीनवर. ‘ही भूल पुन्हा देऊ नका,’ डॉक्टर म्हणाले होते. हृषीला आठवत नाही, कुणी सांगितलंही नाही. आणि सोयरीक जुळवताना याच वैभवीच्या वडिलांना त्या ठासून म्हणाल्या होत्या, “आमच्या मुलाला कधी सुईसुद्धा टोचावी लागली नाही हो!”

आता सांगावं, तर तिथं दुसरं औषध असेल का? नसलं तर ऑपरेशनच अडेल. न सांगावं, तर... आई कुठं पुरी पडणार, एवढा बर्फ मध्ये!

“आल्झो, डांके,” आभार मानून फोन ठेवायला वैभवीचा अंगठा टेकला.

वीणाताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“ठेवू नकोस. भूल दिली होती त्याला, चार वर्षांचा असताना. मरता मरता वाचला. मी लपवलं गं, तुझ्यापासून, त्याच्यापासून. सांग त्यांना.”