हात वर केला, तर चहा मिळाला

मी एक जुनी पितळी किटली आहे आणि मित्रांनो, मी अजून रागात आहे. किटलीला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. जिने जन्मभर पोटात उकळते पाणी घेतले, तिला राग येणार नाही तर काय?

तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला. एकोणीसशे अडुसष्ट साली नागपुरातल्या सदर बाजारातल्या एका दुकानातून मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, मला विकत घेतले. रविवारची उपासना संपली की चर्चमागच्या खोलीत मी स्टोव्हवर चढत असे. महिला मंडळाच्या प्रमोदिनीबाईंखेरीज मला कोणी हात लावायचा नाही, असा तिथला कायदाच होता. "चहा असावा तं असा!" असे नानाजी दर रविवारी म्हणत. नानाजी म्हणजे पंच, मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांतले सर्वांत जुने. त्यांचे कौतुक ऐकून मी फुगून जात असे.

अशात रुपराव आणि प्रयागबाई आले. नरखेडकडच्या खेड्यातले हे जोडपे रुपरावांच्या नोकरीपायी नागपुरात आले होते. गावी त्यांची उपासना लिंबाखाली भरायची आणि झाडण्यापासून प्रार्थनेपर्यंत सगळी कामे सगळेच करायचे. पहिल्या रविवारी त्यांना खुर्च्या मिळाल्या, बिस्किटे मिळाली, काठोकाठ चहा मिळाला. माझ्या मंडळीचा मला केवढा अभिमान वाटला!

पण दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. प्रयागबाईंनी माझ्या कडीला हात घातला की प्रमोदिनीबाई मला ओढून घ्यायच्या. "राहू द्या वं, तुम्ही पाहुण्या! बसा बरं." रुपरावांनी उपासनेत बायबलमधले शास्त्रवाचन करू का म्हणून विचारले, तर नानाजी हसून म्हणाले, "घाई काहून करता जी? नवे आहा तुमी अजून." नवे! तोवर मला तीनदा कल्हई झाली होती. अपमान कोणीच करत नव्हते, हेच तर वाईट. दर रविवारी गोड बोलून दार लावून घेत होते.

मग वार्षिक सभा आली, ती माझ्याच खोलीत भरली. पंच निवडायचे होते. "माणसंच भेटत नाहीत," नानाजी कपाळाला हात लावून म्हणाले. "मीच किती वर्षं ओढू हा गाडा? कोणी आहे का पुढं येणारं?"

कोणी हलले नाही. मग मागच्या बाकावर रुपरावांनी हात वर केला. प्रयागबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मीही पाहत होते. माझ्या झाकणाखाली वाफ कोंडली होती.

नानाजींनी तो हात पाहिला आणि मोठ्या प्रेमाने ओरडले, "प्रमोदिनीबाई, पाहुण्याले चहा द्या ना! केव्हाचे मांगून राहिले बिचारे!"

आणि मित्रांनो, चहा मलाच ओतावा लागला. त्या वर केलेल्या हातात कप दिला गेला. लोक हसले, तेही मायेने. रुपरावांनी मान खाली घालून चहा प्यायला, कप धुऊन पालथा घातला आणि दोघे निघून गेले. पंच म्हणून पुन्हा नानाजीच निवडून आले.

पुढच्या रविवारी प्रमोदिनीबाईंनी सवयीने दोन कप जास्त भरले. ते गार झाले. "कुठं राहतात ते?" त्यांनी विचारले. कोणाला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे चहा पाजला, पण त्यांचे घर कोणी पाहिले नव्हते. "नव्या लोकाईचं मन लागत नाही," नानाजी म्हणाले. चटका द्यायला माझ्याजवळ हात असता तर!

काही महिन्यांनी प्रमोदिनीबाई मला कल्हईसाठी नागपुरातल्याच जरीपटका भागात घेऊन गेल्या. तिथे बाजारात प्रयागबाई भेटल्या, भाजीची पिशवी घेतलेल्या.

"अवं प्रयागबाई, या ना परत!" प्रमोदिनीबाईंनी त्यांचा हात धरला. "सगळे आठवण काढून राहिले तुमची."

प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिले. "येऊन काय करू, बाई? चहा तं घरीबी भेटते."

त्या गेल्या. प्रमोदिनीबाई मला पोटाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. पुढे उमरेडचे एक विणकर, धोंडबा, पहिल्यांदा उपासनेला आले, तेव्हा नानाजी खुर्ची द्या म्हणत असताना बाईंनी मला धोंडबांच्या हातात दिले. "वता. आधी नानाजीले द्या." नानाजींचे तोंड उघडेच राहिले. धोंडबा नंतर पंच झाले. पण रुपराव आणि प्रयागबाई परत आले नाहीत.

आता चहासाठी तोटीचा स्टीलचा डबा आला आहे आणि मी माळ्यावर हिरवी पडले आहे. मला घासायला कोणी येत नाही, त्याचे मला काही नाही. पण तुमच्या दारात नवा माणूस येईल आणि हात वर करील, तेव्हा मित्रांनो, त्याला आधी विचारा, तुम्हाला काय करायला आवडेल? चहा मग तोच सगळ्यांना देईल.