बाकीचा रकाना

काच फ्रेममध्ये बसवून तिनं अंगठ्यानं हलकेच दाबली, तेवढ्यात काउंटरवरचा मोबाइल थरथरला. कर्जाच्या हिशोबाच्या शीटमध्ये नवी नोंद. हातातला स्क्रू तिनं अर्धवटच सोडला.

"आली का भाऊरायांची वर्दी?" चष्म्याच्या दुकानाचे मालक पेपरातून मान वर न करता म्हणाले. "लाव फोन. गिऱ्हाईक यायच्या आत उरकून घ्या तुमची खडाजंगी."

आईच्या ऑपरेशनसाठी दोघा भावंडांनी मिळून कर्ज काढलं होतं. आई राहिली नाही, कर्ज राहिलं. दवाखान्याच्या जिन्यात धाकटा म्हणाला होता, "तू आधीच हात टेकले होतेस, ताई." आणि ती म्हणाली होती, "मग फेड आता तुझ्या हट्टाची किंमत." तिथून बोलणं तुटलं. हप्ते मात्र दोघांच्या नावावर होते. म्हणून तिनं इंटरनेटवर हिशोबाची एक फुकटची शीट शोधली, दोघांना एकाच वेळी दिसेल अशी, आणि त्याला नुसती लिंक पाठवली. तारीख, कोणी भरले, किती भरले, बाकी. शिवाय घरखर्चाचं प्रत्येकाचं वेगळं पान, कुठे हात आखडायचा ते कळावं म्हणून. त्याच्या पानावरचं पेट्रोल एका महिन्यात शून्यावर आलं, तेव्हा त्यानं मोटरसायकल विकल्याचं तिला समजलं. तिनं विचारलं नाही.

पहिल्याच हप्त्याला त्यानं आकडा भलत्या रकान्यात टाकला, आणि तिला फोन करावाच लागला.

"अरे, बाकीत काही लिहायचं नसतं! ती आपोआप येते."

"मला काय ठाऊक? फुकट ते पौष्टिक म्हणून कुठलं तरी उचलून आणलंस."

"तुझ्या हिशोबानं आता तीनच हजार फेडायचे राहिलेत."

"मग बरंच आहे की!"

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. लिफ्टच्या वायरींच्या जंजाळात एकही इकडची तिकडे न होऊ देणारा हा मेकॅनिक चार रकान्यांत हटकून चुकायचा. ती ओरडायची, तो कुरकुरायचा, आणि फोन ठेवता ठेवता कुणीतरी विचारायचं, "जेवण झालं?"

"त्या रकान्याला कुलूप घालता येतं म्हणे," मालकांनी एकदा सुचवलं होतं. "म्हणजे कुणाला हातच लावता येत नाही."

"हो का? बघते," ती म्हणाली होती. बघितलं नव्हतं.

आता तिनं शीट उघडली. शेवटचा हप्ता, तीन हजार दोनशे. 'किती भरले'च्या खाली, अगदी जिथल्या तिथे. बाकी शून्य.

तिनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. तारीख बरोबर. नाव बरोबर. कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

"काय गं? आज फोन नाही?"

"नीट भरलंय त्यानं. संपलं कर्ज."

"मग सुटलीस की!" मालक म्हणाले. तिच्याकडे बघून त्यांनी पेपराची घडी घातली आणि काही काम नसताना आतल्या खोलीत गेले.

ती बराच वेळ त्या शून्याकडे पाहत राहिली. मग तिनं आकडा उचलला आणि बाकीच्या रकान्यात नेऊन ठेवला. शून्य गेलं. बाकी तीन हजार दोनशे.

तिनं फोन लावला.

"पुन्हा बाकीत टाकलास आकडा," ती म्हणाली. नेहमीसारखा आवाज चढला नाही.

पलीकडे पाना लोखंडावर ठेवल्याचा आवाज झाला.

"हो," तो म्हणाला. "शीट उघडीच आहे माझ्यासमोर. बघतोय मघापासून."

तिनं स्क्रीनवरचं बोट मागे घेतलं.

"मला हे फोनवर कळायचं नाही, ताई. एकदा घरी येऊन दाखव ना."

आई गेल्यापासून तिनं त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

"संध्याकाळी असशील?"

"असेन. मला उशीर झालाच तर किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

पर्समधल्या जुडग्यावर तिची बोटं आपसूक गेली.

"आहे. कुलूप तेच आहे?"

"तेच आहे गं."

फोन ठेवल्यावर तिनं फ्रेमचा राहिलेला स्क्रू घट्ट केला. आकडा मात्र होता तिथेच राहू दिला.